हिरीला पानी

दोन ओळींत सहा गोल, लाल शाईचे. गोष्ट एवढीच आहे. प्राथमिक शाळेत तीस वर्षं काढलेल्या माणसाने असे गोल आजवर किती काढले असतील, याचा हिशेब रिफिलींतच करावा लागेल. वह्या तपासताना हात आपोआप चालतो. डोकं तेव्हा भलतीकडेच असतं, पोषण आहाराच्या तांदळात, नाहीतर केंद्रप्रमुखांनी संध्याकाळपर्यंत मागितलेल्या कुठल्याशा माहितीत. त्या रात्रीही तो तसाच चालला. फरक इतकाच, की वही पोराची नव्हती. बासष्ट वर्षांच्या बाईची होती. आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता, कशातूनही न बघता, स्वतःच्या मनाने काहीतरी लिहून आणलं होतं.

आमच्या हिरीला पानी वतं. लगीन झालं तवा. आता नाय.

मी 'हिरीला'भोवती गोल काढला आणि वर लिहिलं, विहिरीला. मग पानीचं पाणी केलं. वतंचं होते. लगीन, लग्न. तवा, तेव्हा. नाय, नाही. खाली 'छान प्रयत्न' असं लिहून तारखेसकट सही ठोकली. त्या बाईने, म्हणजे काकींनी, वही घेतली, चष्म्याजवळ नेली आणि एकेका शब्दावर बोट दाबत माझी दुरुस्ती मोठ्याने वाचून दाखवली. "आमच्या हिरीला पानी व्हतं." मी लिहिलेलं 'विहिरीला पाणी होते' त्या जराही न अडखळता 'हिरीला पानी व्हतं' असं वाचत होत्या. वाचून झाल्यावर वर बघून म्हणाल्या, "त्येच तर हाय की गुर्जी. मी बी त्येच लिवलं व्हतं."

शेजारच्या दोघीतिघी हसल्या. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी काकींनी पान भरून आणलं. नातीच्या पुस्तकातला धडा, ओळीखाली ओळ, काना-मात्रा जागच्या जागी, एक चूक नाही. तिसऱ्या दिवशी त्याच धड्याचा पुढचा उतारा. हिरीचा विषय वहीत पुन्हा आला नाही.

प्रौढ साक्षरतेचा आमचा वर्ग म्हणजे शाळेची पडवी. निरक्षरांचं सर्वेक्षण शिक्षकांनी करायचं असा आदेश निघाला तेव्हा आमच्या संघटनेने बहिष्कार टाकला होता, आणि त्या निवेदनावर माझीही सही होती. आधीची कामं काय थोडी होती? पण याद्या व्हायच्या त्या झाल्या, आणि २०२३ च्या दिवाळीनंतर रात्री आठ वाजता पडवीत सात-आठ बायका आणि एक म्हातारा येऊन बसायला लागले. माणदेशातली थंडी कोरडी असते, ओठ फुटतात. बायका डोक्यावरून शाल घेऊन यायच्या. शालीला चुलीच्या धुराचा आणि गोठ्याचा वास. खुरप्याची सवय झालेला हात, त्यामुळे पेन्सिलही मुठीतच. टोक इतकं रुतायचं की मागच्या पानावर अक्षर उलटं उमटायचं. अंधारात बोटांनी वाचता आलं असतं. एकीचं टोक रोज मोडायचं आणि ती रोज म्हणायची, "ह्या पेन्सिलीत दमच न्हाय."

पोरांना शिकवायची आमची रीत ठरलेली आहे. ग, म, भ, न. दंड सारखा, वळण थोडं थोडं बदलत जायचं, म्हणजे हाताला ओळख राहते. काना-मात्रेशिवायचे शब्द आधी. मोठ्या माणसांना ही रीत लावायला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात आपटलो. त्यांना गमभन नको होतं, नाव हवं होतं. स्वतःचं, आणि लगोलग. आता जिचं नाव कमल आहे तिचं निभावतं. पण द्रौपदा, रुक्मिणी, कृष्णाबाई या नावांच्या बायकांनी काय पाप केलंय? मराठीतली अवघडातली अवघड जोडाक्षरं आमच्या जुन्या पिढीने नेमकी अशा बायकांच्या कपाळी मारून ठेवली, ज्यांना ती कधी लिहायची नव्हती. 'ष्णा' शिकवायला मला चार रात्री लागल्या. आणि ज्या रात्री तो जमला त्या रात्री त्या बाईने वहीचं अख्खं पान नुसत्या ष्णाने भरलं. बाकीचं नाव राहिलं बाजूला.

खरी अडचण आली ती ण आणि न यांची. पोरं निमूटपणे मान्य करतात. एक बाणातला, एक नळातला, गुरुजी म्हणतात म्हणजे असतील दोन. काकी मान्य करेनात. "बाणातला बी न आन नळातला बी न. कान तर येकच ऐकतोय." मी जीभ उलटी करून दाखवली. टाळूला कशी लावायची ते दाखवलं. सगळ्यांनी करून बघितलं, पडवीत पाच मिनिटं नुसता ण-ण-ण चालला, आणि मग एकीला ठसका लागला. "जीब उलटी कराया लागती त्यो शबूद घरात कोन बोलंल?" काकींनी विचारलं. मी नियम सांगितला. नियम सांगितला की शिक्षकाला बरं वाटतं.

घरी जाताना मात्र डोक्यात किडा वळवळत राहिला. 'षटकोन' म्हणताना माझी तरी जीभ कुठे उलटी होते? श आणि ष मी अगदी एकसारखे बोलतो. माझे प्राध्यापक बोलायचे, बातम्या वाचणारे बोलतात. 'कवी' आणि 'कविता' यांतली वेलांटी बोलताना ऱ्हस्व-दीर्घ कोण करतं? आम्हीही ऐकू न येणारंच लिहितो, पाठ करून. आमच्याकडे बोलणं आणि लिहिणं यांच्यामधली वाट तुडवून कधीची सपाट झाली आहे, त्यामुळे कुणाला दिसत नाही. काकींची वाट अजून खाचखळग्यांची, एवढाच फरक. पण गोल पडतात त्यांच्याच वहीत. तिकडे वऱ्हाडात आणि खानदेशात ळ चा य होतो, डोळा म्हणजे डोया. तिथल्या मास्तरांच्या लाल रिफिली कशा संपत असतील, ते मी ताडू शकतो.

माझी आजी १९५९ ची. म्हणजे जन्माने नव्हे, साक्षरतेने. सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली ते साल. देवळात कंदील लावून वर्ग भरायचे, आणि अख्खं गाव शिकलं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. आजी दर वेळी सांगायची, समारंभाला कुणी मोठा साहेब आला होता आणि त्याला ओवाळताना तिने पाटीवर नाव लिहून दाखवलं होतं. ती सही तिने मरेपर्यंत जपली. सोसायटीच्या वहीत कारकुनाने शाईचा पॅड पुढे सरकवला की ती तो परत सरकवायची. "मी अंगठा देत न्हाय." पण सही सोडून बाकी सगळं तिच्यातून कधीच निघून गेलं होतं. मी दुसरी-तिसरीत असताना तिची परीक्षा घ्यायचो. तुझ्या नावातला 'बा' वेगळा दाखव म्हटलं की गप्प. नाव तिला एकसंधच येत होतं, रांगोळीसारखं. ठिपक्यापासून सुरू करायचं आणि शेवटाला आणायचं. मध्ये कुणी हाक मारली, हात थांबला, की पुढचं अक्षर सापडायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून. त्या मोहिमेने तिला काय दिलं, असा खवचट प्रश्न मी कॉलेजात असताना भाषणात विचारला होता. आता तेवढा खवचटपणा उरला नाही. कारकुनाचा पॅड परत सरकवणारा तिचा हात मी पाहिलेला आहे. (रेशनच्या मशीनला आता पुन्हा अंगठाच लागतो, आणि राबून राबून रेषा पुसलेल्या बोटांना ते मशीन ओळखतही नाही. आजीने त्या मशीनला काय काय ऐकवलं असतं!)

आमच्या आळीत पत्रं लिहायचं काम माझ्याकडे होतं. चौथीत होतो, अक्षर वळणदार होतं, आणि शेजारच्या वैनीचा नवरा मुंबईत गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. आधी मनिऑर्डर थांबली, मग पत्रंही विरळ झाली. वैनी पंधरा पैशांचं कार्ड घेऊन यायची आणि उंबऱ्यावर बसून सांगायची, "त्यास्नी म्हनावं, म्हस आटली. पोरगं सांजच्याला यस्टी बगाया जातंय रोज. मिल सुरू हुईना तर या की निघून, हितं काय भाकर मिळायची न्हाय व्हय?" आणि मी लिहायचो, "पत्र लिहिण्यास कारण की, येथील सर्व मंडळी खुशाल आहेत. म्हैस सध्या दूध देत नाही. गिरणी सुरू होण्याची चिन्हे नसल्यास आपण गावी यावे, ही विनंती." एसटीचं मी लिहिलं नाही. पत्रात असलं लिहीत नाहीत, असं मला तेव्हा ठाम माहीत होतं. कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही, शाळेनेच, न बोलता.

वैनीला मी पत्र वाचून दाखवायचो. ती पदराचं टोक तोंडात धरून ऐकायची आणि म्हणायची, "लई झ्याक लिवतोस रं." मग गुळाचा खडा. वैनी खूश होती, हे मला इथे नमूद करायलाच हवं. आपलं बोलणं असं इस्त्री करून समोर आलेलं तिला आवडत होतं. तिकडे लालबागच्या खोलीत तिच्या नवऱ्याला ते कुणीतरी वाचून दाखवत असणार, कारण त्यालाही वाचता येत नव्हतं. म्हणजे ती दोघं नवराबायको बोलत होती खरी, पण मध्ये एक नऊ-दहा वर्षांचं कारटं होतं आणि पलीकडे कोण होतं देव जाणे. रोज एसटी बघायला जाणारं पोरगं त्या दोघांच्या मधेच कुठेतरी पडून राहिलं. मी पाडलं.

आमच्याकडे पुस्तकातून बघून दहा ओळी लिहिण्याला 'शुद्धलेखन' म्हणतात. हा शब्द इतका अंगवळणी पडलाय की त्यातली गंमत दिसत नाही. घरी जाऊन काय करायचं? शुद्धलेखन. म्हणजे दुसऱ्याचं वाक्य, दुसऱ्याचा विचार, आपला फक्त हात. पहिलीपासून चौथीपर्यंत पोरगं रोज हे करतं, आणि पाचवीत त्याला एकदम सांगतात, निबंध लिही, पावसाळ्यातील एक दिवस. मग ते गाईड उघडतं. आमच्या भागात पाऊस म्हणजे पाहुणा, तोही न जेवता जाणारा. पण चाळीस वह्यांत चाळीस मोर थुईथुई नाचतात आणि चाळीस इंद्रधनुष्यं उगवतात. पूर्वी मेंढपाळाचा एक पोरगा वर्गात होता. वर्षातले कितीतरी महिने मेंढ्यांच्या वाड्याबरोबर रानोमाळ, शाळेत असला तर असला. त्याच्या निबंधात मोर नव्हता. त्याने लिहिलं होतं की लोकर भिजली की मेंढी जड होते, चालत नाही, मग तिला ढकलावी लागते आणि ढकलताना हाताला तिच्या अंगाचा गरम वास येतो. चार ओळी, त्यांत दहाएक चुका. मी दहापैकी चार गुण दिले होते. 'विषयाला धरून लिही' असा शेराही मारला होता. ते पोरगं सातवीनंतर दिसलं नाही. कुठे भेटलं तर हा शेरा मागे घ्यायचा आहे, पण शेरे मागे घ्यायची सोय आमच्या खात्यात नाही.

अशा वेळी मला हमखास मुक्ताबाई आठवते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली, चौदा वर्षांची, मांग समाजातली मुलगी. १८५५ साली तिने मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळेत जाऊन तिला उणीपुरी तीन वर्षं झाली होती. लोक त्या निबंधातला अंगार सांगतात, आणि तो आहेच. मला मात्र मास्तरकीच्या सवयीने भलताच प्रश्न पडतो. तिची वही कोण तपासत होतं? त्या माणसाने पहिल्या पानावर काय केलं असेल? गोल काढले असते तर दुसरं पान आलं असतं का?

पण हा प्रश्न मी विचारतो तेवढा सोपा नाही, आणि हे मला काकींनीच दाखवलं. एका रात्री वर्ग सुटल्यावर मी मुद्दाम विषय काढला. म्हटलं, "काकी, ते हिरीचं छान लिहिलं होतंत. पुढचं लिहा की. मी लाल पेन लावत नाही." त्या चपला शोधत होत्या. वाकूनच म्हणाल्या, "न्हाय गुर्जी, तुमी बरुबर केलं. लिवायचं म्हंजी शाळंतलं लिवायचं. घरातलं बोलाया कुनी शिकवाय लागतं व्हय?" मी म्हटलं, बोलीत लिहिलं म्हणून काही बिघडत नाही, मोठमोठे लेखक बोलीत लिहितात. त्यावर त्या ताठ उभ्या राहिल्या. "त्ये मोठं हायती, त्यास्नी चालतंय. आमी लिवलं तर अडानी म्हनत्यात. उद्या आमची नात असं लिवाया लागली तर तिला मार्क द्याल का तुमी?"

मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर दोघांनाही माहीत होतं.

तसं पाहिलं तर आमची शुद्धताही फार जुनी नाही. माझे आजोबा 'नांव' लिहायचे, 'कां' लिहायचे, टिंबांचा नुसता सडा. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आणि आजोबा, जे गावातले सगळ्यांत शुद्ध लिहिणारे, ते एका फटक्यात अशुद्ध झाले. त्यांनी मनावर घेतलं नाही. शेवटच्या पत्रातही टिंबं आहेत. त्याच नियमांत एक सवलत आहे. 'असं केलं', 'मी म्हटलं' अशी बोलण्यातली रूपं लिहायला हरकत नाही, पण पात्राच्या तोंडी घालताना. म्हणजे हिरीला पानी व्हतं हे कथेतली म्हातारी बोलली तर चालतं, चांगलं दिसतं, बक्षीसही मिळतं. खरी म्हातारी स्वतः लिहायला बसली तर मात्र सहा गोल. आणि मी हा लेख सुरुवातीपासून 'केलं-झालं'मध्येच लिहितोय, मला कोण अडवणार आहे?

१७ मार्च २०२४, रविवार. साक्षरतेच्या परीक्षेला काकी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. पोरांच्या बुटक्या बाकांत बायकांचे गुडघे मावेनात, म्हणून दोघीतिघींनी सतरंजी मागून घेतली. वाचन पन्नास, लेखन पन्नास, संख्याज्ञान पन्नास. खिडकीबाहेर नातवंडं उभी, आजीला उत्तरं सांगायला टपलेली. त्यांना हाकलताना मला रोजच्या उलट काहीतरी चाललंय याची फार मजा वाटत होती. संख्याज्ञान बायकांनी चुटकीसरशी उरकलं, दुधाचे आणि बचत गटाचे हिशेब करणाऱ्या बायकांना त्यात काय अवघड? लेखनाला मात्र वेळ घेतला. काकींचा पेपर मी जमा करताना बघितला. अक्षर एका ओळीत, पाणी बाणातल्या ण ने लिहिलेलं, नाही ला ह ची दीर्घ वेलांटी. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

निकाल लागला, प्रमाणपत्रं आली, आणि काकींचं द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. सोप्यात बसलो. त्यांनी प्रमाणपत्र दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, नाव बरोबर आहे का ते बोटाने तपासलं आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. मग चहा टाकायला आत गेल्या. आतल्या दाराच्या चौकटीला पतसंस्थेचं कॅलेंडर टांगलेलं होतं, आणि त्याच्या खिळ्याला सुतळीने बांधलेली पेन्सिल. बोटभर उरलेली. मी पाणी प्यायला उठलो आणि तिथेच उभा राहिलो.

चौकटी-चौकटींत लिहिलेलं होतं. बारीक, दाबून, शिसं चमकत होतं. ट्यांकर. ट्यांकर नाय. ट्यांकर नाय. ताई आली. ताई गेली. म्हस याली, रेडकू. दूद ३. दूद २. गॅस. ट्यांकर रातीला. मी पान उलटून मागचा महिना बघितला, त्याच्या मागचा बघितला. परीक्षेच्या रविवारी नुसतं 'शाळा'. त्यानंतर चार-पाच चौकटी रिकाम्या, आणि मग एका शनिवारी, तिथीच्या छापील अक्षरांवर चढवून : हिरीला गाळ.

"काय बगताय?" काकी कपबशी घेऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, हे तुम्हीच लिहिता? त्या लाजल्या. सही करायला शिकल्या त्या रात्रीही इतक्या लाजल्या नव्हत्या. पुढे होऊन त्यांनी कॅलेंडरची पानं खाली सोडली, चालू महिना वर आला.

"त्ये नगा बगू गुर्जी. त्ये आमचं घरातलं हाय."

चहा गुळाचा होता. रेडकाची चौकशी झाली, नातीच्या स्कॉलरशिपची झाली, पाऊस यंदा कसा म्हणतोय याची झाली. निघताना ओट्यावर बसून चपलेचा अंगठा नीट करत होतो, तेव्हा आत काकी कॅलेंडरपाशी गेलेल्या दिसल्या. सुतळी ओढून त्यांनी पेन्सिल धरली, आता मुठीत नव्हे, चिमटीत, आणि आजच्या चौकटीत काहीतरी लिहिलं. काय ते ओट्यावरून दिसलं नाही.